अर्धा राहिलेला हुकूम

चितेगाव
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

आठ दिवस झाले डबी तुझ्याकडं पोचवून, आन् तू अजून ती उघडली नाय. मंजुळा सांगती, पोरगी म्हणती आधी डबीची दुसरी कापी करते, नक्कल. कापी! तुझा बाप, माझा सांडू, घाटीच्या दवाखान्यात खाटंला बेडीनं बांधलेला, दोन्ही नडग्या मोडलेल्या, उजव्या पायात सळई, आन् तू कापी करत बसलीस. म्हैस आडलेली असताना कुणी तिचा फोटू काढत बसतं का?

अक्षदे, आशीर्वाद. आता बूड टेकव आन् नीट वाच. फोन पोलिसांनी नेला म्हणून लिहिते. साक्षरतेच्या वर्गात बाईनं शिकवलेली अक्षरं हैत, वाकडी असली तरी माझी हैत. मंजुळा उस्मानपुऱ्यात भाजी घेऊन बसती तवा मेथीच्या जुडीत घालून आणंल. उत्तर तसंच धाड.

मंजुळानं तुला झालेलं अर्धंच सांगितलं असंल. शनिवारी, एक तारखेला, दुपारी काकासाहेब दोन जीपा घेऊन गायरानावर आला. त्याला तिथं प्लॉट पाडायचेत आन् आपलं मेंढ्याचं वाडगं मधी येतं. आठ जण होते. आधी मेंढ्यांपासून सुरू केलं. अकरा मेंढ्या गजानं मारल्या, दोन गाभण होत्या. सांडू आडवा गेला. काकासाहेबाचा पुतण्या आदिनाथ, त्यानं त्याला पाडला आन् नडगीवर गज घातला. पहिल्या घावाला हाड वाजलं. दुसऱ्याला वाजलं नाय, तवा कळलं का आत भुगा झाला. मंग दुसरा पाय. पुढं आदिनाथच्या डोक्यात कुऱ्हाड बसली. तो जीपमधीच संपला.

सांडूनं पोलिसाला सांगितलं, मी मारली. काकासाहेब म्हणतो, आम्ही नुसते बोलायला गेलो होतो, सांडूनंच आधी वार केला. सातांची जबानी एक. आपल्याकडं जबानी द्यायला कोण? मेलेल्या मेंढ्या.

मेंढ्या चोरीला जाया लागल्या तवा पत्र्याच्या खोलीत तू तो क्यामेऱ्याचा डबा बसवला होतास. तो त्यांनी फोडला. त्यातली डबी इंद्रजीतनं पान्यानं खोलून काढली. माझ्या भावाचा नातू म्हणून सांगते, नायतर गाढवच म्हणलं असतं. मोबाइलचं दुकान टाकलं म्हणून स्वतःला विंजनेर समजतो. आधी आपल्याच कॉम्प्युटरला लावली. कॉम्प्युटर म्हणला, कोरी करू का? त्यानं नाय दाबलं, हे त्याच्या जन्मातलं एक शहाणं काम.

डबीत काय हाय ते शेवटापर्यंत बघ. मधी डोळे झाकू नको.

कडूबाई

*

उस्मानपुरा
१४ नोव्हेंबर

आजी,

नमस्कार. म्हैस आडली तर घाई करावी, पण ही डिस्क म्हैस नाही. हा एकदाच जबानी देऊ शकेल असा जखमी माणूस आहे.

डब्यावर गज बसला तेव्हा आतली सुई चकतीवर आपटली. चालू केली की करकर वाजते. जितकी चालवू तितकी मरते. म्हणून एकदाच चालवायची आणि जे वाचता येईल ते जसंच्या तसं दुसऱ्या चांगल्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. सोपा भाग आधी. जिथं अडते तिथं सोडून पुढं जायचं, मग मागं येऊन अडलेल्या जागी हळूहळू. मध्ये एक यंत्र लावलंय, ते वाचू देतं, लिहू देत नाही. पुढचं सगळं काम नकलेवर. मूळ डिस्क कोर्टात जशीच्या तशी द्यायची आहे. वकील मेघाताईंनी दोन साक्षीदारांसमोर तिचा नंबर लिहून घेतलाय.

दुसरं. अशा डिस्कमध्ये एक वही असते. कुठलंही काम करायच्या आधी डिस्क तिच्यात लिहून ठेवते, मी आता हे करणार आहे. मग ते काम करते, मग नोंद मोडीत काढते. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी उघडताना ती आधी वही वाचते आणि अर्धं राहिलेलं काम पुरं करून टाकते. रोजच्या कामाला हे चांगलं. आपल्याला घातक, कारण उघडल्या उघडल्या डिस्क बदलते. ‘फक्त वाचायला उघड’ म्हटलं तरी आधी वही पुरी करते. तिला वेगळं बजावावं लागतं की वहीला हात लावू नकोस. इंद्रजीतदादाच्या कॉम्प्युटरला ही भाषाच येत नाही, म्हणून त्यानं वहीला हात लावला नाही. अडाणीपणानं राखलं म्हणायचं.

तू मला एक सांग. वीज डबा फुटायच्या आधी गेली की फुटल्यावर? हे महत्त्वाचं आहे.

काल अप्पांना पाहिलं, दारातूनच. मला बघून त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. आजी, अप्पा कोकरू कापायचं म्हटलं तर बाहेर जाऊन बसायचे. त्यांनी कुऱ्हाड चालवली हे मला पटत नाही. त्यांच्यातल्याच कुणाचा वार चुकून आदिनाथला बसला असणार, आणि डिस्कमध्ये ते असणार. तू काळजी करू नकोस.

तुझी अक्षदा

*

चितेगाव
सोमवार, १७ तारीख

अक्षदे, अडाणीपणानं राखलं हे इंद्रजीतला मारलंस का मला, ते कळ्ळं. राहू दे.

तुझ्या वहीची मला नवलाई नाय. पाच पन्नास मेंढ्या होत्या तवा आम्ही वाडग्याच्या दारात कोळशानं आधी रेघ मारायचो, मंग मेंढी सोडायचो, आन् ती आत गेली का रेघंवर आडवी काट. एकदा दिवस मावळताना लांडगा पडला. सगळे काठ्या घेऊन पळाले. माघारी आलो तर चार रेघा काटंबिगर. म्हंजी चार मेंढ्या तवा दारात होत्या. आत गेल्या का लांडग्यानं नेल्या, हे बघायला पायजे होतं. तुझ्या आज्यानं काय केलं? बघितलंच नाय. कोळसा उचलला, चारी रेघांवर काट मारली, म्हणला गणती पुरी. सकाळी ओढ्यात दोन फाडलेल्या सापडल्या. एक अजून जिती होती. आतडी बाहेर, त्यावर मुंग्या, आन् कान हलवत होती. तिला मीच दगडानं संपवली. आज्याच्या तोंडाला तोच कोळसा फासला आन् तसाच बिडकीनच्या बाजाराला धाडला.

म्हणून मला कळतंय. अर्धी रेघ अर्धीच ठेवायची, आधी वाडग्यात बघायचं. कर तुझी कापी. पर हात चालव.

वीज आधी गेली. आदिनाथ पडल्यावर त्याची माणसं त्याला उचलायला धावली. काकासाहेब मातूर पत्र्याच्या खोलीत शिरला. पुतण्या गुरागत तडफडतोय आन् हा टीव्हीपुढं बसून तुमचा तो उंदीर फिरवतोय. “आजचा सगळा दिवस पुसून टाक” असं स्वतःशीच बोलत होता. मी विजेची वायर तोडली. टीव्ही काळा पडला. मंग त्याच्या माणसानं चिडून डब्यावर गज घातला.

तुझ्या बापाबद्दल तू जे लिहिलंस ते तुझ्यापाशी ठेव. त्यानं काय केलं न् काय नाय, हे डबी सांगंल.

कडूबाई

*

उस्मानपुरा
२० नोव्हेंबर

आजी,

तुझं पत्र वाचून सुकेशनीताई खुर्चीतून उठल्याच. दुकान त्यांचं आहे, अठरा वर्षं त्या हेच काम करतायत. म्हणाल्या, तुझी आजी इथं कामाला येईल का विचार.

कारण हे बघ. काकासाहेबानं पुसायचा हुकूम दिला. डिस्कनं तो वहीत लिहून घेतला. प्रत्यक्ष पुसण्याआधी तू वायर तोडलीस. म्हणजे शनिवारची दुपार अजून चकतीवर आहे आणि ती पुसायचा हुकूम वहीत आहे. कुणीही ही डिस्क नेहमीसारखी जोडली तर ती इमानदारीनं काकासाहेबाचं राहिलेलं काम पुरं करील. पोलिसांनी जरी जोडली तरी. वही न वाचता उघडली तरच ती दुपार दिसेल.

नक्कल शंभरातली एक्क्याण्णव झाली आहे. उरलेली नऊ खरवडलेल्या जागी आहे. ताई म्हणतात, आठवडा लागेल. काल एक माणूस दुकानात येऊन विचारत होता, चितेगावची काही दुरुस्ती आली आहे का. ताईंनी त्याला सांगितलं, आमच्याकडं फक्त लग्नाचे व्हिडिओ येतात. तिथं जपून राहा.

जबानीसाठी एक विचारायचंय. वायर कशानं तोडलीस? ती जाड वायर आहे, विळ्यानं तुटत नाही. कुऱ्हाड तर अप्पांच्या हातात होती ना?

तुझी अक्षदा

*

चितेगाव
रविवार, २३

हे डाव्या हाताचं हाय. हसू नको. उजवा उंबऱ्यावर आपटला.

कुत्रं मेलं. म्हातारं झालं होतं.

वायर कशानं तोडली ह्याचा कीस पाडू नको. दातानं तोडली. झालं?

नऊ राहिले ते काढ. ते काढल्याबिगर मला पत्र लिहू नको.

कडूबाई

*

उस्मानपुरा
२९ नोव्हेंबर

आजी,

मंजुळामावशीनं सगळं सांगितलं. चौघं आले होते. डिस्क कुठं आहे विचारत तुझा हात जात्याच्या पाळीवर दाबून गज घातला. कुत्र्याला जितं दाराच्या कडीला टांगलं. तू बोलली नाहीस. आणि मला उंबरा सांगतेस.

डिस्कमधून काही निघालं नाही. तो भाग खरवडला गेला आहे. मेघाताई अप्पांसाठी दुसरी वाट काढतील. तू आता तिकडं थांबू नकोस, छावणीत सुकेशनीताईंच्या घरी ये.

अक्षदा

*

चितेगाव
रविवार, ३० नोव्हेंबर

खोटारडे.

काही निघालं नसतं तर तू तीन पानं लिहिली असतीस. चकती अशी खरवडली, सुई तशी मोडली, ताई असं म्हणाल्या. तू चार ओळी लिहिल्यास. माणूस खरं बोलताना घोळवतं, खोटं चटकन उरकून घेतं. तुझ्या बापाचं बी असंच. पोलिसाला म्हणला, “मी मारली,” आन् भिंतीकडं तोंड. मंजुळा म्हणती, पोरगी गुरुवारी दुकानाच्या पायरीवर वकत होती. न निघालेल्या गोष्टीनं कुणाला वकारी येती?

तू बघितलंस. आता मी सांगते, तुझ्या तोंडातनं काढायला नको.

कुऱ्हाड मी मारली. बाभळीचे ढपले काढायला भिंतीला टेकवलेली होती. सांडूचे दोन पाय झाले होते. आदिनाथनं गज वर केला, ह्या वक्ताला डोक्यावर धरला होता. मी मागून गेले. हाक मारली नाय, सोड म्हणले नाय. दोन्ही हातांनी घातली. वाळल्या भोपळ्यागत आवाज झाला आन् पातं आत धरून बसलं. पाठीवर पाय देऊन उपसावं लागलं. त्याच कुऱ्हाडीनं वायर तोडली. ते जीप घेऊन गेल्यावर सांडू मोडक्या पायानं घासत आला, माझ्या हातातनं कुऱ्हाड घेतली, दांडा आपल्या सदऱ्यानं पुसला आन् मांडीवर घेऊन बसला. मी म्हणले, आण हिकडं. म्हणला, “आई, तू गप आत जा.” साठ किलोचं पोरगं, रगतात बसलेलं, आन् मला हुकूम करतंय.

दुसऱ्या दिशी मी चौकीत जाऊन सांगितलं. तिथला हवालदार हसला. म्हणला, म्हातारे, लेकाला सोडवायला सगळ्याच आया असं बोलत्यात, जा घरी. तिसऱ्यांदा गेले तवा च्या पाजला. सत्तर वर्साच्या बाईनं पातं कवटीत रुतवलं हे कुणी खरं मानत नाय. वर सांडूची कबुली. मंग राहिली डबी. ती तुझ्याकडं धाडली. आत काय हाय हे आधी सांगितलं असतं तर तू पहिल्याच दिशी म्हणली असतीस, काही निघालं नाय.

म्हणली का नाय शेवटी?

कापी मेघा वकिलीणीला दे. उद्याच्या उद्या.

कडूबाई

*

उस्मानपुरा
२ डिसेंबर

आजी,

हो, निघालं. सगळं निघालं, फक्त तीन मिनिटं सोडून. वही न वाचता नक्कल उघडली आणि शनिवारच्या फाईलचं नाव तिथं जसंच्या तसं होतं. एक वाजून बावन्न मिनिटांपासून. अप्पांचा दुसरा पाय मोडताना दिसतो. आवाज नाही, तरी मला आवाज आला. मग चित्राच्या कडेनं तू येतेस. पदर खोचलेला. तू धावत नाहीस, आजी. सरपण आणायला निघाल्यासारखी चालत येतेस.

मी ते सहा वेळा पाहिलं. दर वेळी वाटलं, या वेळी तू थांबशील.

आता तू मला शिव्या देशील असं सांगते. ते खोटं पत्र धाडलं त्याच दिवशी सुकेशनीताई बँकेत गेल्या होत्या. मी नक्कल पुसली. मग मूळ डिस्क काढली, ते अडवणारं यंत्र बाजूला केलं आणि साधी वायर हातात घेतली. एवढंच करायचं होतं. जोडायची आणि नेहमीसारखी उघडायची. बाकी तिनं स्वतः केलं असतं. मी काही पुसलं असं कुणाला म्हणता आलं नसतं, कारण हुकूम माझा नव्हताच. मेघाताईंना सांगितलं असतं, चकती गेली. मी हिशेब केला होता, अप्पांना चौदा वर्षं, नाहीतर तुला मरेपर्यंत. दोघांपैकी कोण आत जाणार हे ठरवायला मला का बसवलंस? तू एकदाही विचारलं नाहीस, मला जमेल का.

वायर लावली नाही. का नाही, ते ऐक. मला अप्पांची दया आली म्हणून नाही, न्याय आठवला म्हणूनही नाही. खोलीत बसून माऊस फिरवणारा काकासाहेब डोळ्यांपुढं आला. पुतण्या बाहेर तडफडतोय आणि हा पुसतोय. मी त्याच खुर्चीत बसले होते. त्याचंच काम करायला.

ताई परत आल्यावर सगळं सांगितलं. त्यांनी एक मुस्काटात दिली, मग चहा मागवला. नकलेची दुसरी नक्कल त्यांच्या तिजोरीत होतीच. म्हणाल्या, अठरा वर्षांत रडणारी माणसं बघितलीत मी, एकच प्रत कधी ठेवत नाही.

काल ती मेघाताईंना दिली, मूळ डिस्क सीलबंद. मेघाताई म्हणतात, आपल्या माणसाचा जीव वाचवताना झालेला वार कायदा वेगळा मोजतो, आणि आदिनाथचा गज वर गेलेला चित्रात स्पष्ट आहे. पण अडचण अप्पांची आहे. ते कबुली मागं घ्यायला तयार नाहीत. म्हणतात, ते चित्र खोटं आहे, पोरीनं कॉम्प्युटरवर बनवलं. कोर्टात तसंच बोलले तर डिस्कवरही संशय येईल आणि तुझ्या बोलण्यावरही. मी दोनदा गेले. भिंतीकडं तोंड.

आता काय करू?

अक्षदा

*

चितेगाव
गुरुवार, ४ डिसेंबर

अक्षदे,

ताईनं एक मुस्काटात दिली, मी असते तर दोन दिल्या असत्या. पर वायर लावली नाय ते बरं केलंस. ह्यापरीस जास्त कौतुक माझ्याकडं नाय.

तुला का बसवलं विचारतीस. दुसरं कोण होतं? इंद्रजीत? तुला जमेल का हे विचारत बसले असते तर सांडूचे पाय आतच सडले असते. मला बी कुणी विचारलं नव्हतं, बाई, कुऱ्हाड उचलायला जमेल का.

मी थांबंन असं तुला सहा वेळा वाटलं. अजून साठ वेळा बघ. मी थांबणार नाय. आदिनाथची आई पलीकडच्या आळीत रडती, हिथवर ऐकू येतं. तो लहान असताना आपल्या वाडग्यात दूध प्यायला यायचा, हे मला ठाऊक हाय, कुणी सांगायला नको. मी तिच्या दारात गेले नाय, जाणार बी नाय. काय तोंडानं बोलू? तिचा तिला, माझा मला. गज खाली आला असता तर आज ती माझ्या दारात आली असती का?

उद्या सकाळी मेघा वकिलीण गाडी घेऊन येती. पायानं चालत मोठ्या साहेबापुढं जाते. ह्या खेपंला कुणी हसणार नाय, चित्र संगं हाय. कापडं बांधली. मोडका हात गळ्यात हाय, त्यामुळं बेडी कुठं घालायची ह्याचा त्यांनाच घोर. उरलेल्या मेंढ्या इंद्रजीतकडं दिल्या, बघू, मेंढ्या तरी त्याला शहाणा करत्यात का.

सांडूचं म्हणतीस. त्याला वाटतं त्यानं आईला वाचवलं. मला इचारलं का त्यानं? माझं केलेलं माझ्या हातातनं काढून घेतलं, सदऱ्यानं पुसलं आन् स्वतःच्या नावावर केलं. पोरगं म्हणून तवा गप बसले. आज नाय. तो आत राहिला तर ते सात जण बाहेर राहत्यात, कारण त्याच्या कबुलीच्या आडोशाला ते लपलेत. त्याचे पाय ज्यांनी मोडले त्यांना हाच राखतोय. आन् तुझ्या कामाला खोटं म्हणतो! हाताला फोड येऊस्तवर तू ते काढलंस, त्याला म्हणतो बनवलं. त्याच्या तोंडावर त्याला सांग, आजीनं थुंकून लिहिलंय म्हणावं.

हे पत्र त्याच्या खाटंपाशी उभी राहून मोठ्यानं वाच. भिंतीकडं तोंड करंल, करू दे, कान दोन्हीकडं असत्यात. पहाऱ्यावरचा पोलीस ऐकतो म्हणून आवाज कमी करू नको.

आन् ह्याचं उत्तर तू लिहायचं नाय. वकिलीणीनं नाय, ताईनं नाय. सांडूनं द्यायचं. लई लिहायला नको, एक ओळ पायजे, “कुऱ्हाड आईनं मारली.” लिहवत नसंल तर मेघाबाईपुढं तोंडानं बोलावं आन् खाली अंगठा द्यावा. मी जिथं असंन तिथं तो कागद यावा. दुसऱ्या कुणाच्या हातचं आलं तर मी फोडणार सुदिक नाय. सांडूला म्हणावं, उत्तर दे.

कडूबाई